तीनपत्ती येते म्हणून थ्री कार्ड पोकरला बसू नका: गावाकडून जाणाऱ्या नवख्यांसाठी

कापूस विकला, सोयाबीनचे पैसे खात्यात आले की आमच्या नेर तालुक्यातली चार-पाच पोरं मिळून गोव्याला निघतात. बडनेऱ्याहून गाडी धरतात, दोन दिवस समुद्र पाहतात आणि एक रात्र कॅसिनोत काढतात. मीही असाच गेलो होतो. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी पत्त्यांचा कॅट निघतो, लहानपणापासून तीनपत्ती खेळलेलो, त्यामुळे तीन पत्त्यांचं टेबल दिसल्याबरोबर बसलो. चाळीस मिनिटांत साडेचार हजार रुपये गेले. नशीब खराब होतं म्हणून नव्हे. मी समोर थ्री कार्ड पोकर असताना मनात तीनपत्ती खेळत होतो, म्हणून गेले.

परत आल्यावर मी आणि माझे काका तो खेळ दाण्यांवर मांडून, वहीत हिशेब लिहून शिकलो. जे कळलं ते खाली क्रमाने लिहितो. जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जाणारच असाल तर हे वाचून जा.

१. आधी कायदा समजून घ्या

महाराष्ट्रात पैसे लावून पत्ते खेळणं हा गुन्हा आहे. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे आणि शेतात, पारावर, नाल्याकाठी टाकलेल्या धाडी त्याच कायद्याखाली होतात. १९७६ मध्ये आपल्या राज्याने कॅसिनोसाठी एक कायदा केला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. म्हणजे महाराष्ट्रात कायदेशीर कॅसिनो नाही. कोणी 'नागपूरजवळ फार्महाऊसवर कॅसिनो आहे' असं सांगत असेल, तर तो तुम्हाला पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवतोय.

गोव्यात परवानाधारक कॅसिनो आहेत. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या जहाजांवर आणि काही मोठ्या हॉटेलांत ते चालतात. वयाची अट २१ वर्षे आहे. अठराचा झालो म्हणून चालत नाही.

मोबाइलवरच्या पैशाच्या तीनपत्तीचा नाद सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यानंतरही टेलिग्रामवर लिंक पाठवून 'हजार भरा, पाच हजार घ्या' सांगणारे आहेत. तिथे गेलेल्या पैशांची तक्रार करायलाही तोंड उरत नाही.

२. सोबत काय घ्यायचं

- आधार कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, मूळ प्रत. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.
- पॅन कार्ड. मोठी रक्कम जिंकलात तर कर कापताना लागतं.
- बंद बूट आणि फुल पँट. चप्पल-बर्म्युड्यावर बऱ्याच ठिकाणी दारातूनच परत पाठवतात.
- त्या रात्रीपुरती रोख रक्कम, वेगळ्या पाकिटात. एटीएम कार्ड खोलीवरच ठेवा. ही यादीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

घरी सरावासाठी पत्त्यांचा एक कॅट, मूठभर तुरीचे दाणे, पुठ्ठ्याचा तुकडा आणि एक वही.

३. डाव कसा चालतो

हा खेळ डेरेक वेब नावाच्या इंग्लंडच्या पोकर खेळाडूने १९९४ मध्ये तयार केला. इंग्लंडात तीन पत्त्यांचा 'ब्रॅग' नावाचा जुना खेळ आहे, आपली तीनपत्ती त्याचीच भाऊबंद. म्हणूनच टेबल ओळखीचं वाटतं आणि म्हणूनच घात होतो.

पहिला आणि मोठा फरक: इथे तुमची लढत शेजाऱ्याशी नसते. टेबलावर सहा जण बसले असले तरी प्रत्येकाची लढत एकट्या डीलरशी, म्हणजे कॅसिनोच्या पत्ते वाटणाऱ्या माणसाशी असते. शेजाऱ्याला काय आलं याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही.

प्रत्येक खेळाडूसमोर तीन खुणा असतात: अँटी, प्ले आणि पेअर प्लस. आधी अँटीच्या जागी चिप (पैशांऐवजी वापरायची चकती) ठेवायची, हा आपल्या तीनपत्तीतला बूट, म्हणजे पत्ते वाटण्याआधी लावायची रक्कम समजा. डीलर तुम्हाला तीन आणि स्वतःला तीन पत्ते वाटतो. तुम्ही तुमचे पत्ते पाहता आणि दोनपैकी एक करता. पॅक केलंत, म्हणजे डाव सोडलात, तर अँटी गेली. खेळायचं असेल तर अँटीएवढीच रक्कम प्लेच्या जागी ठेवायची. कमी नाही, जास्त नाही. त्यानंतर डीलर पत्ते उघडतो आणि हिशेब होतो. चाल वाढवणं नाही, साइड शो नाही, समोरच्याला घाबरवून पॅक करायला लावणं नाही. डीलर घाबरतच नाही, कारण तो काही ठरवत नाही, नियमाप्रमाणे फक्त पत्ते उघडतो.

आता डीलरचा नियम. त्याच्याकडे किमान राणी, किंवा राणीपेक्षा मोठं काही असावं लागतं. सगळ्यात मोठा पत्ता गुलाम किंवा त्याखालचा असेल आणि जोडी, कलर (एकाच रंगाचे तीन), रन (सलग तीन) काहीच नसेल, तर डीलर 'पात्र' ठरत नाही. मग जे खेळले त्यांना अँटीवर एकास एक मिळतं आणि प्लेची रक्कम जशीच्या तशी परत येते. असं साधारण १०० पैकी ३० डावांत होतं.

डीलर पात्र ठरला आणि तुमचे पत्ते मोठे निघाले तर अँटी आणि प्ले दोन्हींवर एकास एक. तुमचे लहान तर दोन्ही गेले. बरोबरी झाली तर दोन्ही परत.

४. क्रमवारी: तीनपत्तीवाला इथे फसतो

आपल्याकडे सगळ्यात वर ट्रेल (तीन सारखे पत्ते), मग प्युअर रन, मग रन, कलर, जोडी, आणि शेवटी मोठा पत्ता. थ्री कार्ड पोकरमध्ये पहिल्या दोघांची अदलाबदल आहे:

- प्युअर रन (एकाच रंगाचे सलग तीन)
- ट्रेल
- रन
- कलर
- जोडी
- मोठा पत्ता

तीन एक्के हातात घेऊन तुम्ही मिशीला पीळ द्याल आणि डीलर किलवरची पंजी, छक्की, सत्ती उघडून जिंकेल. पत्त्यांचा हिशेब पाहिला तर ही क्रमवारी बरोबरही आहे. ५२ पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत प्युअर रन ४८ आणि ट्रेल ५२. जे कमी वेळा येतं ते वर.

दुसरी अदलाबदल बारीक आहे. आमच्या गावात एक्का-दुर्री-तिर्री हा दुसऱ्या नंबरचा रन धरतात, एक्का-राजा-राणीच्या खालोखाल. थ्री कार्ड पोकरमध्ये तो सगळ्यात लहान रन आहे. दुर्री-तिर्री-चौकीसुद्धा त्याच्या वर.

बाकी संख्याही एकदा डोळ्यांखालून घाला: रन ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४, आणि ज्यात यांपैकी काहीच नाही असे १६,४४०. म्हणजे १०० डावांपैकी ७४ वेळा हातात नुसते सुटे पत्ते असणार. ते चांगले लागावेत म्हणून वाट पाहत बसलेला माणूस ७४ वेळा निराश होतो, आणि निराश माणूस रक्कम वाढवतो.

५. पॅक कधी, प्ले कधी: राणी-सहा-चार

या खेळात डोकं लावायची जागा एकच आहे आणि तिचा नियम एका ओळीत बसतो. राणी-सहा-चार किंवा त्याहून मोठे पत्ते असतील तर खेळा, लहान असतील तर पॅक करा.

तपासायचं असं:

- जोडी किंवा त्यावरचं काहीही असेल तर खेळा.
- एक्का किंवा राजा असेल तर खेळा, बाकीचे दोन कितीही हलके असोत.
- सगळ्यात मोठी राणी असेल तर दुसरा पत्ता पाहा. सत्ती किंवा वर असेल तर खेळा. छक्की असेल तर तिसरा पाहा. चौकी किंवा पंजी असेल तर खेळा, दुर्री-तिर्री असेल तर पॅक. दुसरा पत्ता पंजी किंवा खाली असेल तरी पॅक.
- सगळ्यात मोठा गुलाम किंवा त्याखालचा असेल तर पॅक.

हे असं का? समजा अँटी १०० रुपयांची आहे. पॅक केलं की १०० गेले, त्यात बदल नाही. खेळलं तर २०० जाऊ शकतात, पण डीलर पात्रच न ठरण्याची शक्यता असते आणि काही वेळा तो पात्र ठरूनही हरतो. राणी-सहा-चारवर हे सगळं एकत्र केलं तर सरासरी नुकसान १०० पेक्षा किंचित कमी येतं. राणी-सहा-तीनवर ते १०० च्या किंचित वर जातं. रेषा बरोबर तिथे आहे.

या नियमाने १०० पैकी ६७ डाव तुम्ही खेळाल आणि ३३ पॅक कराल. ३३ वेळा पॅक करणं आपल्या माणसाला जड जातं. तीनपत्तीत वारंवार पॅक करणाऱ्याला भित्रा म्हणतात ना, ते डोक्यात बसलेलं असतं. माझं तेच झालं. किमान अँटी ३०० ची होती आणि मी पत्ते न पाहताच प्ले लावत होतो. गावात ब्लाइंड खेळणाऱ्याला निम्म्या रकमेत चाल मिळते आणि समोरच्यावर वजन पडतं. त्या टेबलावर ब्लाइंडला सवलत नाही आणि वजन पडायला कोणी माणूसही नाही. अँटी ३००, प्ले ३००, आणि हातात दहिल्ला-पंजी-दुर्री. पंधरा-वीस डावांत पाकीट रिकामं.

आकड्यांत सांगायचं तर राणी-सहा-चारने खेळलात तर कॅसिनोचा वाटा, म्हणजे तुमचं दर डावाचं सरासरी नुकसान, अँटीच्या ३.३७ टक्के असतो. काहीही न पाहता प्रत्येक डाव खेळलात तर तो ७.६५ टक्के होतो. दुपटीहून जास्त.

६. हिशेब डोळ्यांसमोर

तुमच्याकडे राजा-नव्वी-चौकी, अँटी १००, प्ले १००.

डीलरकडे गुलाम-अठ्ठी-दुर्री: तो पात्र नाही. अँटीवर १०० मिळाले, प्ले परत. नफा १००.
डीलरकडे राणी-दहिल्ला-तिर्री: पात्र आहे आणि हरला. नफा २००.
डीलरकडे पंजीची जोडी: तोटा २००.

एक जास्तीची गोष्ट आहे, अँटी बोनस. रन आला तर अँटीवर एकास एक, ट्रेलला एकास चार, प्युअर रनला एकास पाच, असे दर सर्रास दिसतात. हा बोनस डीलर जिंकला तरी मिळतो. तुमचा सत्ती-अठ्ठी-नव्वीचा रन डीलरच्या मोठ्या रनपुढे हरला, तर २०० गेले पण बोनसचे १०० आले. डीलर घाईत विसरला तर शांतपणे विचारा. ते तुमचे पैसे आहेत. वेगवेगळ्या टेबलांवर दर वेगळे असू शकतात, म्हणून बसायच्या आधी टेबलावर छापलेले दर आणि किमान अँटी वाचा. 'इंडियन फ्लश', 'तीनपत्ती' अशा नावांनी लावलेल्या टेबलांवर तर नियमही वेगळे असू शकतात. तिथे क्रमवारी, डीलर पात्र कधी आणि बोनस किती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय चिप ठेवू नका.

७. पेअर प्लस

हा वेगळा डाव आहे. तुमच्या हातात जोडी किंवा त्याहून मोठं काही आलं तर पैसे, नाही आलं तर गेले. डीलरकडे काय आहे त्याचा संबंध नाही. सगळ्यांना हा आवडतो, कारण प्युअर रनला चाळीसपट लिहिलेलं असतं.

इथे एकच आकडा पाहायचा: कलरला किती पट देतात. जोडीला १, रनला ६, ट्रेलला ३० आणि प्युअर रनला ४० असताना कलरला ४ असेल, तर कॅसिनोचा वाटा २.३२ टक्के. बाकी सगळं तेच ठेवून कलरला ३ केलं की तोच वाटा ७.२८ टक्के. एका आकड्याने तिपटीहून जास्त फरक पडतो आणि तो आकडा टेबलावर उघड छापलेला असतो. कलरला ३ दिसलं तर पेअर प्लसची जागा रिकामी सोडा.

८. घरी दाण्यांवर सराव

आमच्याकडे हरभऱ्याला पाणी द्यायचं असलं की आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाईन असते. मोटार चालू करून बसायचं, बांध फुटला तर दारं वळवायची, आणि मधल्या वेळात डोळे मिटू द्यायचे नाहीत. त्याच वेळात मी आणि काका शिकलो. विहिरीजवळच्या खोलीत बल्बखाली पोतं अंथरलं, खताच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कोळशाने तीन चौकोन काढले आणि तुरीचे शंभर दाणे मोजून घेतले. पैसे अजिबात नाहीत. काका डीलर.

पहिल्याच डावात मी पत्ते न उचलता प्लेवर दाणा ठेवला. काका म्हणाले, "काऊन रे, पाह्यल्याबिगर लावतं? फुकट पाहू देऊन रायले तं पाय ना!" मला इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. पत्ते पाहणं इथे फुकट आहे.

सराव तीन टप्प्यांत करा.

पहिले पन्नास डाव फक्त क्रमवारीसाठी. तीन-तीन पत्ते दोन ढिगांत उघडे टाका आणि कोण जिंकलं ते मोठ्याने सांगा. एक्का-दुर्री-तिर्री आला की थांबा, तिथे जीभ हमखास घसरते.

पुढचे पन्नास फक्त पॅक की प्ले. डीलरचे पत्ते उघडूच नका. राणीचे हात मुद्दाम काढून घ्या: राणी-छक्की-तिर्री, राणी-पंजी-चौकी, राणी-सत्ती-दुर्री. उत्तरं पॅक, पॅक, प्ले. हे झोपेतही सांगता आलं पाहिजे.

मग शंभर डाव पूर्ण, दाणे लावून. दर डावाला वहीत एक रेघ: अँटी, प्ले, निकाल, शिल्लक दाणे. आमच्या वहीत एका रात्री शंभराचे १२३ दाणे झाले होते, दुसऱ्या रात्री ७१ वर आलो. नियम दोन्ही रात्री तोच होता. दाण्यांची ही चढउतार आधी पाहिलेली असली की टेबलावर सलग सहा डाव हरल्यावर माणूस बिथरत नाही.

९. टेबलावरचे शिरस्ते

नोटा डीलरच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे म्हणून तसा नियम आहे. पत्ते एका हाताने उचला आणि टेबलाच्या कडेखाली नेऊ नका. शेजाऱ्याला दाखवू नका, त्याचे पाहू नका. खेळायचं ठरलं की पत्ते पालथे ठेवा आणि मग त्यांना हात लावू नका, उघडायचं काम डीलरचं. वाटप सुरू झाल्यावर अँटीच्या चिपला बोटही लावू नका. मोबाइल खिशात.

काही अडलं तर डीलरला विचारा, तो नियम सांगतो. हिंदीत बोललं तरी चालतं. मी पहिल्या रात्री लाजेपोटी एक प्रश्न विचारला नाही, हे मला साडेचार हजारांपेक्षा जास्त लागलं. ताटात फुकट मिळणारी दारू मात्र लांब ठेवा, राणी-सहा-तीन आणि राणी-सहा-चारमधला फरक तिथेच पुसला जातो.

१०. पैसे, कर आणि उठण्याची वेळ

आधी सरासरी समजून घ्या. १०० ची अँटी, तासाला ३० डाव, नियमाने खेळलात तर सरासरी तासाला १०१ रुपये जातात. त्यातच कलरला ३ देणाऱ्या पेअर प्लसवर दर डावाला १०० लावत गेलात तर आणखी २१८ जातात. ही सरासरी झाली. तीन तासांत दीड हजार वर किंवा खाली होणं अगदी नेहमीचं आहे. एका रात्रीसाठी अँटीच्या तीस-चाळीस पट रक्कम ठेवा आणि ती सहलीचा खर्च म्हणून आधीच वजा करून टाका. तेवढी नसेल तर लहान किमान अँटीचं टेबल शोधा, नाही मिळालं तर नुसतं उभं राहून पाहा. खत-बियाण्याचे, सोसायटीचे, पोरांच्या फीचे पैसे त्या पाकिटात जाता कामा नयेत. गेल्या वर्षी आमच्याच गावच्या एका पोराने कापसाचा चुकारा तिथे लावला आणि पेरणीला सावकाराकडे गेला. मला हे लिहायला लावणारं खरं कारण तेच आहे.

करही पाहा. कॅसिनोतल्या चिप्सवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. काउंटरवर पैसे देण्याआधी विचारा, 'हजार दिले तर किती रुपयांच्या चिप्स मिळतील?' कर तुमच्याच रकमेतून कापत असतील तर हजारात ७१४ च्याच चिप्स हाती येतात. पहिला पत्ता पडायच्या आधीच २८६ रुपये गेले. त्यापुढे ३.३७ टक्क्यांचं काही वाटतच नाही. हा प्रश्न मी विचारला असता तर कदाचित टेबलापर्यंत गेलोच नसतो. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे आणि आधी हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

उठायची वेळ घरूनच ठरवून जा. मोबाइलला गजर लावा. पाकीट संपलं किंवा गजर वाजला, जे आधी होईल तेव्हा उठा. सोबत्यांपैकी एकाला न खेळता राहायला सांगा आणि त्याने 'चल' म्हटलं की वाद घालायचा नाही, असं गाडीतच ठरवा. घरी परतल्यावरही पत्ते डोळ्यांसमोरून हटत नसतील, उसने घेऊन पुन्हा जावंसं वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस (मानसिक आरोग्याच्या मदतीच्या) क्रमांकावर फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.

उठताना लहान चिप्स डीलरकडून मोठ्या करून घ्या, मोजून खिशात टाका आणि सरळ कॅश काउंटरवर जा. वाटेत स्लॉट मशीनं लागतात. रोख रक्कम हाती आली की काउंटरसमोरच मोजा, कर कापला असेल तर पावती मागा आणि ती आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा.